रस्त्याकडेची वाडी

"वांग्याची झाडं बारा," ग्रामसेवक सुरेंद्र कागदावर लिहीत म्हणाला.

"चौदा लिहा, साहेब," इस्तारीनं दुरुस्ती केली. "दोन त्या कोपऱ्यात हायेत. भेदऱ्याच्या मागं."

सुरेंद्रनं वाकून टोमॅटोच्या झाडांमागं पाहिलं. होती खरी दोन.

भाजीची ही वाडी शकुबाईची होती, जागा ग्रामपंचायतीची. घराच्या ओट्यापासून रस्त्यापर्यंत पाच फूट रुंद, तीस फूट लांब असा पट्टा. त्यातून सांडपाण्याची नाली जायची होती आणि ती मार्च अठ्ठ्याण्णवच्या आत व्हायला हवी होती. शकुबाईला दोन नोटिसा गेल्या. तिनं त्या घडी घालून देवाच्या फोटोमागं ठेवल्या आणि वाफ्यांना पाणी घालत राहिली. म्हणून आज पंचनामा. पंच गल्लीतलेच होते: इस्तारी, श्रावण आणि नीलाबाई.

"मिरचीची सहा," श्रावण म्हणाला. "लय तिखट हाये, साहेब."

"तिखट लिवाले रकाना नाई, भाऊ."

"सांबाराचे दोन वाफे," नीलाबाईनं कोथिंबिरीकडं बोट केलं. "तो जून झाला. हा कवळा हाये."

"तुमाले कसं ठाऊक, बाई?"

"जाता-येता दिसते ना बाप्पा!"

कोथिंबिरीचा कवळेपणा रस्त्यावरून दिसतो, हे सुरेंद्रला नवीन होतं. चिमूरकडून बदलून येऊन त्याला तीनच आठवडे झाले होते. गावाची नजर तेज आहे, एवढी नोंद त्यानं मनात केली आणि पुढचं लिहू लागला.

शकुबाई चार कप चहा घेऊन आली. इस्तारीला पित्त झालं होतं. श्रावण नुकताच पिऊन आला होता. नीलाबाईला उपास होता, आणि तिच्या उपासाला चहा चालत नाही हे त्या दिवशी तिला स्वतःलाही पहिल्यांदाच कळलं असावं. सुरेंद्रनं कप घेतला आणि प्यायला. तिघंही पंच त्याच्या गळ्याकडं पाहत राहिले. शकुबाई त्याच्या हातातल्या कपाकडं पाहत होती. कप रिकामा झाला तेव्हा तिनं न विचारताच पुन्हा भरला.

सुरेंद्रला कोणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीला गावातल्या गुणवंतरावांच्या नातीनं शकुबाईच्या हातचा तिळाचा लाडू खाल्ला आणि चौथ्या दिवशी ती पोर गेली. ताप लाडवाच्या आधीचा होता. दवाखान्यानं कागदावर मलेरिया लिहून दिला होता. पण गावानं लाडू लक्षात ठेवला आणि ताप विसरून टाकला. कोणी तिला शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. एवढंच ठरलं, की शकुबाईनं हातानं दिलेलं बाधतं. नवरा आधीच गेला होता. पोरगा नागपूरला होता, त्याचं पत्र दिवाळीला येत असे. तिच्या उंबऱ्यावर बसून पाणी प्यायलेला शेवटचा माणूस कोण, हे आठवायला आता शकुबाईलाही वेळ लागला असता.

"नाली त्या बाजूनं नाई का जमनार, साहेब?" इस्तारीनं हळूच विचारलं.

"त्या बाजूनं उतार नाई."

"बाईचं नुकसान होते ना," श्रावण म्हणाला. "एकटा जीव. वांगे तर आता कुठी धरून राह्यले."

"पावसाळ्यानंतर केली तं?" नीलाबाईनंही भर घातली.

शेजाऱ्यांची ही माया पाहून सुरेंद्रला जरा बरं वाटलं. शकुबाईनं तिघांकडं एकेक करून पाहिलं. तिघंही एकदम रस्त्याकडं पाहू लागले.

सुरेंद्र हात धुवायला घरामागं गेला आणि तिथंच थबकला. मागं ऐसपैस आवार होतं. पक्की विहीर, चारी बाजूंनी पुरुषभर उंच भिंत, फाटकाला लोखंडी कडी. काळी, भुसभुशीत माती होती, आणि तीत एक तुळस सोडून काहीही लावलेलं नव्हतं. सुरेंद्रनं मनाशी हिशेब मांडला. स्वतःचं राखायचं आणि पंचायतीचं वापरायचं. अशी माणसं त्यानं मागच्या गावीही पाहिली होती. दोन नोटिसा देऊन आपण फार दिवस घालवले, असं त्याला वाटलं.

तो पुढं आला आणि त्यानं अतिक्रमण आठ दिवसांत काढण्याचा मजकूर लिहून टाकला. पंचांनी सह्या केल्या. श्रावणचं पेन नाव लिहिताना दोनदा थांबलं. इस्तारीनं अंगठा दिला, पण तो इतका हलका टेकवला, की पुन्हा घ्यावा लागला. मग तिघंही मान खाली घालून आपापल्या घरी गेले.

शकुबाई वाफ्यात बसून गवत उपटत होती. आठ दिवसांनी तो वाफाच राहणार नव्हता, पण हाताला सवय होती.

सुरेंद्रनं कागद पिशवीत घातले. चहा दोनदा प्यायला होता, तेव्हा निघताना दोन शब्द चांगले बोलावेत म्हणून तो थांबला.

"बाई, राग नका धरू. हेच सारं मागं लावा ना. तुमची सोताची जागा हाये, विहीर हाये. इथी सडकेवर काऊन लावलं तुमी? येनारा-जानारा हात घालते. मागं एवढी भिंत हाये, फाटकाले कडी हाये. एक वांगं चोरीले जानार नाई."

"म्हनून तं नाई लावलं तिकडं," शकुबाई म्हणाली. तिनं रस्त्यापलीकडच्या बंद दारांकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माह्या हातचं कोनी घेत नाई, साहेब. चोरून तरी नेतात."