पास्ता टाकायची वेळ

"अजून टाकू नकोस रे!" भिंतीपलीकडून शेजारची स्तामातिना ओरडली. "लेक उंबऱ्यावर आली की टाक. नाहीतर खळ होईल, आणि बसशील भिंतींवर पोस्टरं चिकटवत."

पान्देलिसने हातातला वाडगा खाली ठेवला. तांदळाच्या दाण्याएवढा तो पास्ता, पण नखरे केवढे! कोकराचं मांस बिचारं सकाळपासून मातीच्या भांड्यात, टोमॅटो-दालचिनीच्या रश्शात निमूट शिजत होतं. पास्ता मात्र अगदी शेवटी टाकायचा, आणि फुलला की लगेच जेवायला बसायचं. त्याची बायको पानायोता हे डोळे मिटून करायची. तिचं नाव मरियमवरून ठेवलेलं, म्हणून पंधरा ऑगस्टला, मरियमच्या सणाला, तिचा नामदिवस असायचा आणि घरात हेच जेवण असायचं. गेल्या हिवाळ्यात ती गेली. म्हणून यंदा म्हातारा पान्देलिस तिचा एप्रन बांधून ओव्हनपुढे उभा होता.

त्यांची लेक आर्गिरो दुपारच्या बोटीने येणार होती. तिने एका घटस्फोटित माणसाशी लग्न केलं, तेव्हा पान्देलिसने पोटच्या पोरीला घराचं दार बंद केलं होतं. आईला पुरलं त्या दिवशी ती आली, खड्ड्याच्या एका बाजूला उभी राहिली आणि आल्या बोटीने परत गेली. तो दुसऱ्या बाजूला उभा होता. तिच्याशी एक शब्द बोलला नाही. ते त्याला फार लागून राहिलं. शेवटी त्यानेच फोन केला, पण तिथेही "पंधराला ये" यापुढे जीभ रेटली नाही. आज मात्र बोलायचंच, असं त्याने ठरवलं होतं. कांदा चिरताना वाक्य घोकूनही झालं होतं : माझं चुकलं, पोरी.

बोटीचा भोंगा वाजला. थोड्या वेळाने बॅगा ओढत माणसं गल्लीतून वर येऊ लागली. कुणाचे जावई, कुणाची नातवंडं. घराघरांतून हसण्या-रडण्याचे आवाज आले. आर्गिरो त्यांच्यात नव्हती.

तो ओव्हनपासून दारापर्यंत आणि दारापासून ओव्हनपर्यंत येरझारा घालत राहिला. रस्सा आटत चालला म्हणून त्यात दोनदा गरम पाणी घातलं. गल्ली रिकामी झाली.

"आली का रे?" स्तामातिनाने विचारलं.

"तिला यायचंच नव्हतं. बापाची जिरवायची होती. जिरली!"

त्याने वाडगा भांड्यात उपडा केला. पास्ता फुलल्यावर दोन ताटं मांडलेल्या टेबलाशी तो एकटाच बसला आणि रागारागाने जेवला. भांड्यातल्या पास्त्याने उरलासुरला रस्सा पिऊन टाकला, आणि त्याची खरोखरच खळ झाली.

तेव्हा दार वाजलं.

दारात आर्गिरो होती. उन्हाने चेहरा लाल झालेला. घोकलेलं वाक्य पान्देलिसच्या ओठांपर्यंत आलं. पण आयुष्यभराची सवय आडवी आली.

"ही वेळ झाली यायची?" तो कडाडला. "बोट कधीची लागलीय! या घरात जेवण कुणासाठी थांबत नाही!"

आर्गिरोने आत पाऊल टाकलं नाही. तिने टेबलाकडे पाहिलं, त्याच्या उष्ट्या ताटाकडे पाहिलं.

"आईच्या थडग्यापाशी होते, बाबा," ती म्हणाली. "तिच्या नामदिवसाला बोलावलंत, म्हणजे आधी तिथेच भेटाल असं वाटलं मला. खूप वाट बघितली. शेवटी मी एकटीनेच लावला दिवा."