कांद्याचं खानदान

वाडीतल्या उदयसिंहरावांनी जेवता जेवता लेकीला निकाल ऐकवला, "धवलशी लग्न होणार नाही. छोकरा चांगला असेल, पण त्या छाणी गावच्या जैनांना पणजोबाच्या पलीकडचं नाव ठाऊक नाही. वर त्यांच्या घरात कांदासुद्धा चालत नाही! आपली वंशावळ उलगडली तर दिवाणखाना पुरत नाही. घराणं असं लांबीवरून ओळखावं."

भक्तीची नोकरीच वंशावळी वाचण्याची, फक्त प्रयोगशाळेत. माणूस, मगर, बुरशी, भाजीपाला, म्हणाल त्याच्या जनुकांची अख्खी पोथी, म्हणजे जीनोम, ती वाचायची. ती शांतपणे म्हणाली, "आबा, लांबीच बघायची तर कांद्याचा जीनोम माणसाच्या पाचपट लांब आहे. माणूस शहाण्णव कुळी असला तरी."

चौदा पिढ्यांचं शौर्य मनगटात गोळा करून उदयसिंहरावांनी ताटाशेजारचा कांदा फोडायला बुक्की उगारली.

त्यांच्या पत्नी विमलबाईंनी तो कांदा अलगद उचलून घेतला. "यापेक्षा धवलच्या घरचे बरे. आपल्याहून मोठ्या घराण्यावर हात तरी उगारत नाहीत."