मानेमागचा जोड

बाबा दौऱ्यावरून परतले आणि हातपाय धुवायच्या आधीच त्यांनी गिटारची पेटी उघडली. एकाच बाजूला खाच असलेली ती जुनी इलेक्ट्रिक गिटार. तिला घरात कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. मुलीने लावला होता. गिटार स्टँडवरून पडली आणि तिची मान खुंट्यांच्या डोक्यापाशी कडकन मोडली. तिने ती चिकटवली, जुना रंग खरवडला आणि तीन आठवडे लॅकरचे पातळ हात देत बसली. आता भेग दिसत नव्हती. पण सहा तारा मिळून मानेला जवळजवळ पन्नास किलोंनी ओढतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाबा खुंट्या पिळू लागले. मानेमागून फिरणारा त्यांचा अंगठा एका जागी थांबला.

"कधी पडली?"

"तुम्ही गेलात त्याच आठवड्यात."

"सरस लावून शिकंज्यात आवळून किती वेळ ठेवलीस?"

"दोन दिवस."

"मोडली तेव्हा आत पिवळा सरस दिसला असेल."

"हो. मला वाटलं, कारखान्यातलाच जोड आहे."

"माझा होता तो. तुझ्या जन्माच्या आधीचा." बाबांनी नजर वर केली नाही. "तेव्हापासून मानेवर ताण कमी यावा म्हणून हिला अर्धा सूर खालीच लावत आलोय. माझ्या जोडावर माझा कधी भरवसा बसला नाही."

एवढं बोलून, सहाही तारा पुरत्या सुरात येईपर्यंत ते खुंट्या पिळत राहिले.