एकहातीला दुसरा हात

"तुम्ही देवाला हात चिकटवलात. कुणाला विचारून?"

चित्रकाराने पोस्टर टेबलावर आपटलं. टेबलाभोवती सिनेमा कंपनीची मंजुरी समिती बसली होती. पाचही जणांनी आयुष्यात कधी एक ओळ लिहिली नव्हती की एक रेघ ओढली नव्हती. म्हणूनच बहुधा त्यांना मंजुरीच्या कामाला बसवलं होतं. पोस्टरवर एकहाती उभा होता. दाढी तीच, झगा तोच, कपाळावरची आठीही तीच. फक्त उजवीकडे, जिथे बावीस वर्षं मनगटाच्या पुढे काहीच नव्हतं, तिथे पाच बोटांचा धडधाकट पंजा उगवला होता. नखंसुद्धा नीट कापलेली.

एकहाती हा मूळचा उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या पुराणांतला देव. चित्रकाराने त्याला तिथून उचललं, उंच इमारतींवरून उड्या मारायला लावलं आणि चित्रकथेचा नायक केला. दर महिन्याला एक अंक. रेघा याच्या, रंग बायकोचे. आता त्याचा सिनेमा होणार होता, आणि शेवटच्या करारावर चित्रकाराची सही झाल्याशिवाय सोमवारी कॅमेरा हलणार नव्हता. करारात एक कलम होतं: यापुढचे सगळे अंक आणि जुन्या अंकांच्या नव्या आवृत्त्या, सगळीकडे देवाला दोन हात. म्हणजे बावीस वर्षांच्या पानापानावर कुणीतरी परका बसून पंजे चिकटवणार.

अध्यक्षबाईंनी शांतपणे समजावलं. काम करणाऱ्या नटाने आठ महिने घाम गाळून दोन्ही हात कमावले होते. त्यातला एक झाकून ठेवायचा म्हणजे त्याची चेष्टाच. खेळण्यांचा विभाग सांभाळणारे गृहस्थ म्हणाले की एका हाताची बाहुली लोक मोडकी समजून दुकानात परत आणून देतात. पुराणात त्याचा हात तोडणारा लांडगा मात्र सिनेमात राहणार होता. तो संगणकावर आधीच तयार झाला होता आणि इतका झकास उतरला होता, की त्याचा एकेक केस वेगळा हलत होता.

चित्रकाराने विचारलं, "मग तो लांडगा चावतो कुठे?"

"झग्याला," दिग्दर्शक छताकडे बघत म्हणाला.

चित्रकार खुर्चीत बसला. मग त्याने त्या पाच शहाण्यांना ती गोष्ट सांगितली, पोराला घास भरवावा तशी सावकाश. देवांनी लांडग्याचं पिल्लू पाळलं. ते वाढलं, आणि देवांची पाचावर धारण बसली. त्यांनी त्याला बांधायला रेशमासारखी एक दोरी आणली आणि म्हणाले, खेळ आहे रे, नाही तुटली तर आम्हीच सोडू. लांडगा काही दूधखुळा नव्हता. तो म्हणाला, तुमच्यातल्या एकाने तोवर माझ्या तोंडात हात ठेवायचा. सगळे देव एकमेकांची तोंडं बघायला लागले. एकट्याने हात पुढे केला. दोरी तुटली नाही, देव हसत सुटले, कुणी सोडायला आलं नाही, आणि हात गेला तो त्या एकट्याचा. हात असलेला एकहाती म्हणजे त्या हसणाऱ्यांपैकीच एक झाला की.

मग कंपनीच्या वकिलाने फाइलीतून एक जुनं कात्रण काढलं. चित्रकाराच्या बायकोची मुलाखत. तिने सरळ सांगून टाकलं होतं: यांना हात काढता येत नाहीत, म्हणून हा देव निवडला.

सगळे खो खो हसले. चित्रकाराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. त्याआधीच्या चित्रकथांत त्याची माणसं खिशात हात घालून प्रेम करायची आणि झुडपाआड उभी राहून मारामाऱ्या. एका हाताचा देव सापडला तेव्हा त्याने निम्मी मेहनत वाचली म्हणून चहा जास्त प्यायला होता.

"आळसाने आणला मी त्याला घरात, कबूल," तो म्हणाला. "पण बावीस वर्षं ते थोटं मनगट रोज काढतोय. आता त्याच्यादेखत खोटं बोलायची लाज वाटते."

अध्यक्षबाईंचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. एवढंच ना, त्या म्हणाल्या. दुसऱ्या भागात तोडू की हात. नक्की तोडू, आमचं ठरलंय. कागदावर कशाला लिहायचं, आपण सगळी घरचीच माणसं. त्यांनी करार पुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"विश्वास ठेवा आमच्यावर."

पाचही जण एकसारखं हसत होते. चित्रकाराने एकेकाकडे निरखून पाहिलं. तो प्रसंग त्याने आजवर शंभरदा तरी काढला असेल, समोरून, बाजूने, वरून. लांडग्याच्या जागी बसून तो कसा दिसतो, हे आज पहिल्यांदा दिसत होतं.

त्याने पेन बाजूला ठेवलं. खुर्ची पुढे ओढली, टेबलावर वाकला आणि दाढा दिसतील एवढा मोठा आ वासला. तसाच राहिला. अध्यक्षबाईंना वाटलं, माणसाला झटका आला. वकील पाणी आणायला उठला. दिग्दर्शकाला तेवढं कळलं. त्याने गुपचूप दोन्ही हात खिशात घातले.

मग बोलता येईल इतपत तोंड मिटून चित्रकार म्हणाला, "ठेवतो ना विश्वास. फक्त दुसरा भाग येईपर्यंत एकाने इथे हात ठेवायचा. बोला, कोण ठेवतंय?"