बुधवारची चव

पहिला घास बाईंनी जिभेवर घोळवला आणि चव लागायची वाट बघितली. चव काही लागेना. त्यांनी दुसरा घास घेतला. कोंबडी सकाळीच भाजून ठेवलेली, आत्ता नुसती गरम केलेली. वरचा रस्सा मैदा लावून दाट केलेला, आणि तोही कच्चट. बटाटा कुस्करताना दूध गार घातलेलं, म्हणून त्यात गुठळ्या.

हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं त्यांनी दोनशे माणसांचं पथ्याचं रांधलं होतं. अन्नावर वासना नसलेल्या रोग्यांनाही त्यांच्या हातचे दोन घास जास्त जायचे. आयुष्यात त्यांनी हार खाल्ली ती फक्त या बारमधल्या कोंबडीपुढे.

बाईंचे यजमान कवळ्या बनवायचे. लोकांची खायची सोय करणारा हा माणूस स्वतः मात्र जेवणाच्या बाबतीत महाखोडीचा. दर बुधवारी दुकान बंद केलं की ते चौकातल्या या बारमध्ये यायचे, आणि रात्री घरी कोट काढता काढता म्हणायचे, “काय कोंबडी होती आज!” एकोणीस वर्षं हेच. बाईंनी कधी लसूण वाढवला, कधी मिरी, एकदा तर रश्श्यात चांगली अर्धी बाटली वाइन ओतली. यजमान घास घ्यायचे आणि मान हलवायचे. “छान झालंय. पण ती चव नाही.” मग बाई त्या न पाहिलेल्या आचाऱ्याच्या नावाने बोटं मोडायच्या, आणि पुढच्या रविवारी पुन्हा कोंबडी आणायच्या.

यजमान जाऊन चार महिने झाले होते. आज भरदुपारी मनाचा हिय्या करून बाई आत शिरल्या होत्या त्या एवढंच बघायला, की आपलं नक्की चुकत काय होतं.

म्हातारा वेटर पाणी भरायला आला तेव्हा त्यांनी विचारलं, “आचारी बदलला का हो?”

“छे हो, ताई. बावीस वर्षं तोच आहे. हात तोच आणि पातेलंही तेच. का, आवडलं नाही?”

“नाही, म्हणजे… मी फार नाव ऐकलं होतं इथल्या कोंबडीचं.”

“कोंबडीचं?” वेटरला हसूच आलं. “तुमची कुणीतरी थट्टा केली, ताई. इथे लोक प्यायला येतात. खाणं आपलं असावं म्हणून.”

“कवळीवाले सांगायचे.”

वेटरचा चेहरा एकदम खुलला. त्याने ओठ मागे ओढून सगळी बत्तिशी दाखवली. “हे बघा, त्यांनीच करून दिलेत. इतक्या वर्षांत एकदा टोचले नाहीत. फार भला माणूस. गेले म्हणे. कळलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.” मग त्याने शेजारचं टेबल पुसायला घेतलं. “पण कोंबडीचं ते सांगायचे? नवलच. मागवायचे खरे. दोन घास खाल्ले की ताट बाजूला. बिअरसुद्धा एकच, ती बिचारी कोमट होऊन जायची.”

बाईंनी काटा खाली ठेवला. इतकी वर्षं मनाच्या तळाशी दाबून ठेवलेला प्रश्न आता आपसूक वर आला.

“कुणाबरोबर बसायचे?”

“एकटेच. त्या तिथे, खांबाच्या मागे.”

“कुणीच यायचं नाही?”

“कुणी नाही. पेपर नाही, फोन नाही. नुसते बसून असायचे. नऊ वाजले की मीच म्हणायचो, साहेब, निघायचं ना आता? तर म्हणायचे, पाच मिनिटं. मग आणखी पाच मिनिटं. शाळेला निघालेल्या पोरासारखं करायचे अगदी.”

बाई खांबाकडे बघत राहिल्या. दुसरी एखादी बाई असती तर तिच्या नावाने रडता आलं असतं, भांडता आलं असतं. कोंबडी खरंच चांगली असती तर निदान हातातली कला कमी पडली म्हणता आलं असतं. चवीसाठी जातो म्हटल्यावर स्वयंपाक करणारी बायको अडवणार तरी कशी, हे त्या माणसाने किती बरोबर ओळखलं होतं! त्यांना अपमान वाटला, आणि त्याहून जास्त वाटली ती त्याचीच दया.

“घरी फार कटकट होती का त्यांना?” त्यांनी हळूच विचारलं.

“मीही एकदा विचारलं होतं, ताई. न राहवून. तर म्हणाले, छे रे, चांगली आहे बिचारी. जीव टाकते माझ्यावर.” वेटरने खांद्यावर फडकं टाकलं. “आणि मग पुन्हा पाच मिनिटं.”

ऑफिसांची जेवणाची सुट्टी संपत आली होती. लोक घाईघाईने उठत होते, खुर्च्या सरकत होत्या. बाईंच्या ताटात कोंबडी तशीच पडली होती, आणि रश्श्यावर साय धरायला लागली होती.

“तुम्ही त्यांच्या कोण?” वेटरने विचारलं.

“शेजारीण.”

“अरे देवा.” त्याने जीभ चावली. मग वाकून, आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, एवढं करा. वहिनींना यातलं काही सांगू नका. उगाच जिवाला लागेल त्यांच्या.”

“नाही सांगत,” बाई म्हणाल्या.