पुढच्या पानाचा आकडा

तृप्तीचे वडील नाशिकला गोदावरीच्या, म्हणजे तिथल्या गंगेच्या, रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. यजमानांच्या वंशावळींच्या त्यांच्या जुन्या वह्या तिने वर्षभर खपून कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. आज दुबार नोंदी काढायला बसली, तर पहिली नोंद पुसताच पुढची सगळी घराणी गायब!

"बाबा, तुम्ही जीर्ण पान कसं हो काढता?"

"तळाशी पुढच्या पानाचा आकडा असतो. तो आधी मागच्या पानावर उतरवून घ्यायचा, मगच पान गंगेत सोडायचं."

तिचा प्रोग्राम आधी नोंद पुसत होता आणि मग त्या पुसलेल्या नोंदीलाच पुढच्या नोंदीचा पत्ता विचारत होता. तिने दोन ओळींची अदलाबदल केली. पण गेलेली घराणी?

"बाबा, वह्या तर तुम्ही सोमवारीच गंगेत सोडणार होतात..."

बाबांनी फडताळ उघडलं. "तुझ्याकडे नीट उतरलंय का, ते बघितल्याशिवाय सोडीन होय?"