मागे अजून किती

लाईल गुडघ्यांवर बसून डॅरेलचं डोकं दोन्ही हातांनी धरून होता. मान हलता कामा नये, एवढंच त्याला ठाऊक होतं. घळीच्या वळणावर दोन एटीव्ही, वाळूत पळवायच्या त्या चारचाकी मोटरसायकली, उलट्या पडल्या होत्या आणि एकीतलं पेट्रोल गळून वाळूत मुरत होतं. डॅरेलच्या नाकाशी रक्ताचा बुडबुडा यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. यायला उशीर झाला की लाईलचाही श्वास अडायचा.

"डोळे मिटू नकोस हं," डॅरेलची बायको नोरीन म्हणाली. मुक्कामाच्या तळावरून धावत आलेली ती, आता आपल्या टोपीची सावली त्याच्या तोंडावर धरून बसली होती. "हेलिकॉप्टर युमाच्या इस्पितळातून निघालंसुद्धा. आलंच बघ."

"बीन्स," डॅरेल पुटपुटला. "चुलीवर."

"जळू देत मेले. तू बोलत राहा."

नुसता बुडबुडा आला.

त्याला धडकलेली पोरगी, मारिसोल, चार हातांवर उभी होती. तिचा भाऊ फोनला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढला होता आणि आता तिथूनच अंगातला शर्ट काढून आभाळाला दाखवत होता. तिला नुसतं खरचटलं होतं, पण भर उन्हात तिचे दात वाजत होते.

"मूठ दाखवली होती हो त्यांनी," ती लाईलकडे बघत पुन्हा म्हणाली. "मूठ बघितली म्हणून तर मी वळणावर वेग सोडला नाही."

या वाळवंटात समोरून कुणी आलं की डावा हात वर करून सांगायचं, आपल्यामागे अजून किती जण आहेत. एक असला तर एक बोट, दोन असले तर दोन. मूठ म्हणजे मीच शेवटचा, आता खुशाल सुटा. इथल्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी येतं.

आजवर नेहमी डॅरेल पुढे आणि लाईल मागे. बोट दाखवायचं डॅरेलने, मूठ दाखवायची लाईलने. आज सकाळी मात्र लाईलचा खोकला ऐकून डॅरेलने आपली गाडी मागे घेतली होती. "हो पुढे, म्हाताऱ्या. आज धूळ मी खातो." लाईल पुढे झाला. समोरून ही भावंडं आली. लाईलचा डावा हात आपसूक वर गेला आणि आपसूक मिटला. ते दोघं त्याच्या शेजारून निघून गेले, आणि मागे वळणावर तो आवाज झाला, तेव्हाच त्याच्या हाताला आपण काय केलं ते कळलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे खोड एकाची होती आणि मरणाच्या दारात पडला होता दुसराच.

"खोटं बोलतेस," नोरीन पोरीवर कडाडली. "लाईल मूठ दाखवेल? मागे डॅरेल असताना? अगं, माझं लग्न व्हायच्या आधीपासून हे दोघं या वाळूत फिरताहेत! लाईल, सांग रे हिला. एक बोट दाखवलंस ना तू?"

लाईलने खाली पाहिलं. डॅरेलचे डोळे अर्धे उघडे होते आणि त्याच्याकडेच होते.

"हो," लाईल म्हणाला.

शब्द तोंडातून सुटला आणि त्याला स्वतःची किळस आली. पोरीने त्याच्याकडे बघितलं. रागही नव्हता त्या बघण्यात. आपण वेडे झालोय की काय, असं वाटणाऱ्या माणसाचं ते बघणं होतं. मग ती वाळूत मटकन बसली.

"मी बघितलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. "मी बघितलं होतं ना?"

डॅरेलचा बुडबुडा फुटला. पुन्हा आला नाही.

"डॅरेल!" नोरीन ओरडली. "ए डॅरेल! लाईल, काहीतरी कर रे!"

लाईलने बोटांनी त्याचा जबडा पुढे ओढला, तसाच धरून ठेवला. देवा, याला घेऊ नकोस, मला ने, असं तो मोठ्याने म्हणत होता, आणि आपण मोठ्याने म्हणतोय हे त्याला कळत नव्हतं. घशात घरघर झाली. श्वास आला. बारीक, ओला, पण आला.

तेवढ्यात हेलिकॉप्टरचा आवाज घळीत भरला. वाळू उडायला लागली. दारातून एक माणूस वाकला, उलट्या पडलेल्या दोन्ही गाड्यांकडे त्याने बोट दाखवलं आणि पंजा हलवून विचारलं, किती? जखमी किती?

"पोरी, इकडे ये," लाईल म्हणाला. "याचं डोकं धर. असंच. हलू देऊ नकोस."

मारिसोल रांगत आली आणि तिने डॅरेलचा जबडा लाईलने दाखवला तसा धरला. नोरीनने तिला अडवलं नाही.

लाईल उभा राहिला. एक, त्याने मनात म्हटलं. एकच. त्याने डावा हात वर केला.

वर गेलेल्या हाताची मूठ झाली होती.

वरचा माणूस गोंधळून बघत राहिला. मारिसोलनेही मान वर करून पाहिलं. आणि नोरीनने पाहिलं. लाईल बोट उघडू बघत होता, पण मूठ काही सुटत नव्हती.

नोरीन उठली. एका हाताने तिने त्याचं मनगट पकडलं, दुसऱ्या हाताने त्या मुठीतलं एक बोट ओढून उघडलं, आणि ते आभाळाकडे ताठ धरून ठेवलं.